कोणत्या हेडवरचं काम?

रस्त्याची कामं घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराच्या घरात ‘बजेट’ हा शब्द बारा महिने वावरतो. बजेटचं काम आहे, बजेट पडलेलं नाही, बजेट आलं की बिल निघेल. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हापासून ही वाक्यं कानावर आहेत. नवरा सिव्हिल इंजिनिअर. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून त्याने कामं घ्यायला सुरुवात केली. सरकारच्या छोट्या कामांत तेव्हा या वर्गाला ३३ टक्के वाटा असायचा, तेवढाच मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेला ३४ टक्के खुल्या नोंदणीच्या कंत्राटदारांना. साइट तो बघतो, हिशेब माझ्याकडे. दिंडोरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातलं खडीकरण, डांबरीकरण, मोऱ्या, साइडपट्ट्या हे आमचं काम. निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, रनिंग बिल, अंतिम बिल, सगळं मला पाठ होतं. पण ते बजेट नेमकं कोण ठरवतं आणि आमच्या बिलापर्यंत कोणत्या वाटेने येतं, हे समजून घ्यायची वेळ आली २०२० मध्ये.

त्या वर्षी एका रस्त्याचं काम फेब्रुवारीत पुरं झालं. मोजमापं पुस्तकात चढली आणि बिल मार्चमध्ये कार्यालयात दाखल झालं. डांबराचे पैसे आम्ही आधीच मोजले होते. मजुरांचे पगार, रोलरचं भाडं दिलेलं होतं, क्रशरवाल्याची उधारी डोक्यावर होती. तेवढ्यात टाळेबंदी लागली आणि ३१ मार्च उलटून गेला. आर्थिक वर्ष संपलं की न वापरलेली तरतूद संपते, आमच्या भाषेत ‘लॅप्स’ होते. म्हणजे आता पैसा यायचा तर नव्या वर्षाच्या तरतुदीतून यायला हवा होता. आणि ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला. विभागांना त्या वर्षीच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळणार, नवी कामं हाती घ्यायची नाहीत, आरोग्य, मदत-पुनर्वसन, अन्नपुरवठा यांसारख्या विभागांना प्राधान्य. त्या प्राधान्याला माझी तेव्हाही हरकत नव्हती. माणसं ऑक्सिजनसाठी धावत असताना डांबराचं बिल आधी द्या, असं कोण म्हणेल? पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. काम मंजूर होतं, बजेटमध्ये छापलेलं होतं, मग त्याचे पैसे होते तरी कुठे?

आमच्या सोसायटीत कोषागारातून निवृत्त झालेले एक काका राहतात. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या लांब लांब टाकून थोडी माणसं बसायची. मी त्यांना हा प्रश्न विचारला. उत्तर देण्याआधी त्यांनीच मला विचारलं, “कोणत्या हेडवरचं काम?”

“५०५४,” मी म्हटलं. हा आकडा मी प्रत्येक बिलावर लिहीत होते.

“मग त्यातला पहिला पाच कशाचा, ते सांग.”

मला सांगता आलं नाही. त्यानंतर काकांनी जे शिकवलं, त्याच्या आधारावर मी आजही अर्थसंकल्प वाचते, म्हणून ते इथे नीट मांडते.

सरकारचा प्रत्येक रुपया एका चार आकडी मुख्य लेखाशीर्षाखाली, म्हणजे हेडखाली, नोंदवला जातो आणि त्यातला पहिला आकडा त्या रुपयाची जात सांगतो. शून्य किंवा एक असेल तर ती महसुली जमा. दोन किंवा तीन असेल तर महसुली खर्च, म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं, डागडुजी. चार किंवा पाच म्हणजे भांडवली खर्च, ज्यातून धरण, इमारत, रस्ता असं काहीतरी उभं राहतं. सहा आणि सात ही कर्जाची शीर्षं. आठने सुरू होणारी शीर्षं लोकलेख्याची असतात. भविष्यनिर्वाह निधीसारखा पैसा तिथे असतो. तो सरकारकडे सांभाळायला दिलेला असतो, सरकारच्या मालकीचा नसतो. ही रचना केंद्रापासून सगळ्या राज्यांपर्यंत एकच आहे. आणखी एक गंमत काकांनी दाखवली. एकाच विषयाची शीर्षं बहुधा दोन हजारांच्या अंतराने येतात. ३०५४ म्हणजे रस्त्याची देखभाल, ५०५४ म्हणजे नवं रस्त्याचं बांधकाम. २२१० म्हणजे दवाखान्याचा रोजचा खर्च, ४२१० म्हणजे दवाखान्याची इमारत. एवढं कळल्यावर फोनच्या डिरेक्टरीसारखी वाटणारी ती पुस्तकं वाचता येऊ लागली.

“आता तू वित्त सचिव आहेस असं समज,” काका म्हणाले, “आणि जमा एकदम घटली आहे. कात्री कुठे लावशील?”

मी शीर्षं बघत गेले. २०७१ म्हणजे निवृत्तिवेतन, त्याला हात लागत नाही. शिक्षक, पोलीस, परिचारिका यांचे पगार वेगवेगळ्या शीर्षांत विखुरलेले, तेही थांबवता येत नाहीत. २०४९ म्हणजे कर्जावरचं व्याज. हा तर ‘भारित’ खर्च. राज्यघटनेच्या २०२ आणि २०३ या अनुच्छेदांनुसार त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तो द्यावाच लागतो. हे सगळं बाजूला काढलं की कात्री लावण्याजोगं मुख्यतः चार आणि पाचनेच सुरू होणारं उरतं. आमच्या बिलाचं काय झालं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. ते बिल कुणा एका साहेबाच्या टेबलावर अडकलेलं नव्हतं. ज्या रकान्यावर सर्वांत आधी कुऱ्हाड पडते, त्या रकान्यात ते होतं.

बिल पुढे तुकड्यातुकड्याने निघालं. दरम्यान बँकेच्या कॅश क्रेडिट (सीसी) खात्यावर व्याज चढत होतं आणि माझ्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. हा काळ आमच्यासारख्या अनेक घरांनी काढला, त्यात आमचं वेगळं काही नाही. पण त्यानंतर दर मार्चमध्ये मी वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून अर्थसंकल्पाची पुस्तकं उतरवून घ्यायला लागले. ती फुकट मिळतात आणि मराठीत असतात. ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ नावाची पुस्तिका नवख्या माणसाने आधी उघडावी. भाषण नंतर ऐकलं तरी चालतं.

जमेची बाजू मला आमच्या स्वतःच्या बिलानेच शिकवली. सरकारी कामाच्या बिलावर आज १८ टक्के जीएसटी लागतो. त्यातला निम्मा राज्याचा, तो ०००६ या शीर्षात जमा होतो आणि राज्याच्या उत्पन्नाचा तोच सर्वांत मोठा झरा आहे. मुरूम आणि खडीवरचं स्वामित्वधन, ज्याला आम्ही रॉयल्टी म्हणतो, ते ०८५३ मध्ये. टिप्परचा वाहन कर ००४१ मध्ये, डिझेलवरचा व्हॅट ००४० मध्ये. फ्लॅट घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क ००३० मध्ये, आणि मद्यावरचं उत्पादन शुल्क ००३९ मध्ये. बिलातून कापलेला आयकर दिल्लीला जातो, पण त्यातला काही भाग फिरून परत येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे २०२५-२६ पर्यंत केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना आणि राज्यांच्या त्या हिश्शातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला मिळत होते. इथे उगवणाऱ्या कराच्या मानाने हा वाटा कमी आहे, ही तक्रार जुनी आहे आणि ती मला पटते. पण मागास राज्यांना झुकतं माप द्यायचं हा या वाटपाचा पायाच आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो व्यवसाय कर. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते हेच. महाराष्ट्राने हा कायदा १९७५ मध्ये केला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा बोजा शहरातल्या कमावत्या माणसाने उचलायचा, असं तेव्हाच्या विधिमंडळाने ठरवलं. सुरगाण्याच्या मजुराचा रोज आणि नाशिकच्या कारकुनाची पगारपावती यांची गाठ त्या कायद्याने घातली. कर कशासाठी आहे हे भरणाऱ्याला ठाऊक होतं. आज ही पावती हातात घेणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल? सांगितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष आकडे. १० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७ लाख २० कोटी रुपये. मथळे सात लाख कोटींचे आले. मी वही घेऊन बसले. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे चालू खर्चातच ४५ हजार ८९१ कोटींची तूट, ही महसुली तूट. सात लाख कोटींतून महसुली खर्च वजा केला की उरतात सुमारे ९३ हजार १६५ कोटी. चार आणि पाचने सुरू होणारं जे काही राज्यभर उभं राहायचं, ते एवढ्यातूनच. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी, म्हणजे वर्षभरात नव्याने उभी करावी लागणारी उसनवारी.

या दोन तुटींचा भागाकार मला फार महत्त्वाचा वाटतो. ४५ हजार ८९१ भागिले १ लाख ३६ हजार २३५. उत्तर येतं जवळपास ३४ टक्के. राज्य शंभर रुपये कर्ज काढतं तेव्हा त्यातले चौतीस रुपये रस्ता, धरण, दवाखाना यांत न जाता चालू खर्चात जिरतात. ट्रॅक्टरसाठी काढलेलं कर्ज शेत फेडतं, किराण्यासाठी काढलेलं कर्ज पुढच्या वर्षीच्या पिकातून फेडावं लागतं. कर्ज किती आहे यापेक्षा ते कशासाठी आहे हा प्रश्न आपण आधी विचारायला हवा.

किती आहे तेही सांगते. मार्च २०२६ अखेर राज्यावर ९ लाख ३२ हजार कोटींच्या आसपास कर्ज असेल, असा त्या अर्थसंकल्पाचा अंदाज होता. आकडा ऐकून छाती दडपते आणि टीव्हीवरच्या चर्चा त्यावरच संपतात. पण राज्याचं स्थूल उत्पन्न त्या वर्षी ४९ लाख कोटींच्या वर धरलेलं होतं. त्याच्या तुलनेत कर्ज १८.८७ टक्के, राजकोषीय तूट २.७६ टक्के. तुटीची मर्यादा तीन टक्के, कर्जाची पंचवीस. या मापाने महाराष्ट्र देशातल्या बऱ्या राज्यांत मोडतो आणि राज्य कर्जबाजारी झालं ही ओरड खरी नाही. तरीही मी निर्धास्त नाही. स्थूल राज्य उत्पन्न म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे मिळून जे निर्माण करतो ते. कर्ज फेडायचं असतं सरकारच्या तिजोरीतून. म्हणून व्याजाची तुलना महसुली जमेशी करावी. त्या वर्षी व्याजासाठी ६४ हजार कोटींहून जास्त धरले होते, म्हणजे जमेच्या शंभर रुपयांतले अकरा-साडेअकरा रुपये. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज एकत्र केलं तर जमेतला निम्म्याहून अधिक पैसा वर्ष सुरू होण्याआधीच वाटला गेलेला असतो. शिवाय मुद्दलाची परतफेड वेगळीच, ती ६००३ मध्ये.

हे कर्ज देतं कोण, हा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला होता. जागतिक बँक वगैरे उत्तर तिच्या डोक्यात होतं. खरं उत्तर जास्त घरचं आहे. रिझर्व्ह बँक राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते, तो बहुतेक मंगळवारी असतो. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी ते रोखे विकत घेतात. आपली मुदतठेव आणि एलआयसीचा हप्ता त्यात असतो. राज्य आपल्याकडून कर घेतं, आपल्याकडूनच कर्ज घेतं, आणि त्या कर्जाचं व्याज पुन्हा आपल्या करातून देतं. शिवाय काही कर्ज या हिशेबात दिसतच नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, सिन्नर-इगतपुरीतून जातो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग रस्ते विकास महामंडळाच्या नावावर आहे, राज्याच्या कर्जाच्या आकड्यात तो धरला जात नाही. रस्ता उत्तम आहे, आम्हा रस्तेवाल्यांना तर त्याचा अभिमान वाटतो. पण महामंडळांची कर्जं आणि सरकारने दिलेल्या हमी यांचा तक्ता कर्जाच्या तक्त्याशेजारी ठेवूनच वाचायला हवा.

पुरवणी मागण्या हा भाग मी सुरुवातीला वगळून जायचे. २०२४ ने ती सवय मोडली. त्या वर्षी निवडणुकीमुळे आधी अंतरिम अर्थसंकल्प आणि मग २८ जूनला पूर्ण अर्थसंकल्प आला, एकूण ६ लाख १२ हजार २९३ कोटींचा. दोन आठवड्यांच्या आतच ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात मांडल्या गेल्या. त्यात महिलांना दरमहा रोख रक्कम देणाऱ्या लाडकी बहीण योजनेसाठी २५ हजार कोटी होते. पुरवणी मागण्या या अचानक उद्भवलेल्या गरजेसाठी असतात. अतिवृष्टी सांगून येत नाही, पण योजना तर सरकारनेच त्याच अर्थसंकल्पात जाहीर केली होती. दोन आठवड्यांत मूळ आकड्याच्या पंधरा टक्के भर घालावी लागत असेल, तर सभागृहाने मंजूर केला तो अर्थसंकल्प पुरा नव्हता, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

लाडक्या बहिणीबद्दल माझं मत विचारतात, कारण आमची बिलं त्यामुळे थांबली असं कंत्राटदारांच्या बैठकीत उघड बोललं जातं. २०२५ मध्ये थकबाकीसाठी राज्यभर आंदोलनं झाली, आमचे बरेच ओळखीचे त्यात होते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना महिन्याचे १,५०० रुपये मिळतात आणि त्यातून त्यांच्या मुलीच्या क्लासची फी जाते, हे मी पाहते. तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. २०२५-२६ मध्ये या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. माझं म्हणणं एवढंच, की ती निवड सरकारने उघड मांडावी. या योजनेसाठी अमुक रस्ते दोन वर्षं थांबवतो, असं सभागृहात सांगावं आणि ते रस्ते मंजूरच करू नयेत.

कारण खरी गाठ तिथे आहे. पाच कोटींचं काम मंजूर होतं, नारळ फुटतो, फलक लागतो, आणि त्या वर्षीची तरतूद असते काही लाखांची. याला टोकन तरतूद म्हणतात. अशी अनेक कामं एका शीर्षावर चढली की त्या शीर्षावरचं एकूण देणं तरतुदीच्या कित्येक पट होतं. मग मार्चमध्ये आलेला निधी सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. तरतुदीनंतरही टप्पे असतातच. वित्त विभाग बीम्स या संगणकप्रणालीवर निधी सोडतो, तो मंत्रालयातून विभागाकडे, तिथून आहरण अधिकाऱ्याकडे, मग बिल कोषागारात. तरतूद, वितरण आणि खर्च ही तीन वेगळी पावलं आहेत. भाषणात पहिलं ऐकू येतं, रस्ता तिसऱ्यावर होतो.

नाशिककरांसाठी तरतूद आणि खर्च यांतलं हे अंतर आता फार जवळ आलं आहे. सिंहस्थासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा झाला, पुरवणी मागण्यांत कुंभाच्या रकमा येऊ लागल्या, पूल, रस्ते, घाट, मलजल शुद्धीकरण यांची कामं निघाली. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. कामं चांगली व्हावीत, गोदावरी स्वच्छ व्हावी, ही माझीही तळमळ आहे. पण कोटींचे आकडे ऐकून समाधान मानू नका. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात चार रकाने शेजारी शेजारी असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अंदाज. भाषण चौथ्या रकान्याचं असतं. घडलेलं सगळं पहिल्या रकान्यात असतं. आपल्या आमदारांना, नगरसेवकांना विचारा: किती जाहीर झालं ते कळलं, वितरित किती झालं आणि खर्च किती पडला? कुंभाच्या कामांचं हेड त्यांच्याकडून लिहून घ्या. २०२५-२६ चा प्रत्यक्ष खर्च २०२७-२८ च्या अर्थसंकल्पात पहिल्या रकान्यात छापून येतो, म्हणजे २०२७ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, पर्वण्यांच्या काही महिने आधी. ते पुस्तक हाती आलं की आधी तो रकाना उघडा.